पाणी बघितलंस का?

“उरक रे बाबा, जेवण निवतंय!”

बावीस वर्षं झाली, ताईचा तो आवाज मेस्त्रीच्या कानातून गेलेला नाही. परसात दाजींचा ट्रक उभा, मेस्त्री कमरेपर्यंत इंजिनात वाकलेला, आणि थोरली बहीण मागच्या दारातून हाका मारतेय. पाण्याचा पंप बदलून झाला होता. पंख्याचे चार बोल्ट तेवढे राहिले होते. “आलो, आलो” म्हणत त्याने ते आवळले, हात पुसले आणि तिच्या हातचं पोटभर जेवला. ते शेवटचंच. दुसऱ्या दिवशी उजाडताना ताईच्या पोटात कळ उठली.

“मामा, आतच बिऱ्हाड केलंस का?” भाचीने टायरवर चापट मारली.

भाची आता तिशीची. कारखान्यात मोटारींची वायरिंग करते. वर्षभर दर सुट्टीला ही मामा-भाची तोच ट्रक पुन्हा चालता करत होती. गंज खरवडला, फळ्या बदलल्या, ब्रेक नवे घातले. रेडिएटरकडची बाजू मात्र मामा “ती शेवटी बघू” म्हणत पुढे ढकलत आला होता. आज शेवट आला होता. जुना पंखा काढून विजेचे दोन बसवायचे होते. पंखे भाचीने हट्टाने आणले होते.

“ही गाडी पुन्हा तापता कामा नये,” एवढंच ती म्हणाली होती.

ताईला दवाखान्यात नेताना ट्रक चढावर उकळून थांबला तेव्हा ती आठ वर्षांची होती. केबिनमध्ये आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मागे माल तसाच भरलेला. इंजिन निवेपर्यंत दीड तास गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर.

तो ‘तर’ दाजींनी उचलला आणि जन्मभर डोक्यावर घेतला. त्या घाईत त्यांनी रेडिएटरचं पाणी बघितलं नव्हतं. परत येऊन त्यांनी ट्रक परसात लावला, तो लावलाच. तेव्हापासून माणूस पाणी बघत सुटला. टाकी बघतो, माठ बघतो, कुंड्या बघतो. गल्लीतल्या स्कूटरवाल्यालाही अडवतो.

“पाणी बघितलंस का?”

“काका, स्कूटरला पाणी नसतं हो!”

“नसेल. बघावं.”

लोक हसतात. मेस्त्री कधी हसला नाही.

ताई गेल्यावर वर्षभराने, तो कामाला होता त्या गॅरेजात उस्ताद एका कारागिरावर ओरडत होता. “अरे शहाण्या, पंखा उलटा बसवलायस! पात्यावरचा नंबर इंजिनाकडे पाहिजे.” उलट्या पंख्याचं असं असतं. तो फिरतो, गरगर फिरतो, पण पात्यांचा बाक चुकीच्या अंगाला गेलेला असतो. वारा कापतो, ओढत नाही. सपाटीवर कुणाला पत्ता लागत नाही. भरली गाडी चढाला लागली की लागतो.

ते ऐकता ऐकता मेस्त्रीच्या हातातला पाना थांबला. चार बोल्ट डोळ्यांपुढे आले, आणि त्यांच्याजवळ एक नंबर, इंजिनाकडे पाठ करून त्याच्याकडे तोंड केलेला. खरंच तसा होता, की आता दिसतोय? बघायला दाजींच्या परसापर्यंत चालत जायचं होतं. एकवीस वर्षं त्याने ते बघितलं नाही.

आज रेडिएटर खाली उतरला. मेस्त्रीने पात्यावर अंगठा घासला. गंजाखालून एकेक आकडा वर आला, सरळ त्याच्या तोंडाकडे बघत.

“काय रे मामा?”

“काही नाही. गंज.”

“मग टाक की भंगारात. त्याची काय आरती करायचीय?”

दुपारी भंगारवाला आला. वाकड्या पत्र्यांखाली पंखाही गेला. लोखंड गेलं, खूण गेली. सांगणारं एकच तोंड उरलं, आणि ते तर आजवर मिटलेलंच होतं.

भाचीने नवे पंखे जोडले. दाजी स्टुलावर बसून बघत होते. तिने परत चढवलेल्या रेडिएटरच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरला. पहिल्या पंख्याने तो ओढून घट्ट धरला. दुसऱ्याने फटकन उडवून लावला.

“फिरतायत की दोन्ही,” दाजी म्हणाले. “मग तोंड का वाकडं?”

“नुसतं फिरून काय करायचंय, बाबा? ह्याच्या तारा उलट लागल्यात. समोरचा वारा आत घ्यायचा सोडून बाहेर ढकलतोय.” मग हसून तिने कपाळावर हात मारला. “चुकले. रोजचं काम माझं, आणि चुकले!”

दोन तारा सोडल्या, अदलाबदल केली, झालं. मेस्त्री तिच्याकडे बघतच राहिला. चुकले. किती हलका शब्द, जिभेवरून असा उतरला जसा झाडावरून पक्षी.

इंजिन सुरू झालं. तापमानाचा काटा हळूहळू चढला, पंखे आपोआप लागले, काटा खाली आला. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं तरी पंखे फिरतच होते. दाजी दचकून उठले.

“अगं, बंद कर ते!”

“निवेपर्यंत फिरतात, बाबा. मग थांबतील.”

थांबले. परस एकदम गप्प झालं.

“चला,” भाचीने किल्ली पुढे केली. “चढापर्यंत जाऊन येऊ. तुम्ही चालवा.”

दाजींचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला आणि मागे आला.

“मी नको, बाळ. तुझी आई गेली ती ह्या हातांमुळे. डबाभर पाण्यासाठी.”

“बाबा, बावीस वर्षं झाली.”

“म्हणून काय, गेली ती परत आली?”

ते घरात गेले, पाण्याचा डबा भरून आणला. सकाळपासून तिसरा. रेडिएटर निवलाय ना, हे हात लावून बघितलं, झाकण काढलं आणि ओतू लागले. पाणी तोंडाशीच होतं. ते लगेच सांडलं, जाळीवरून ओघळलं, दाजींच्या पायांवर आलं. ते ओततच राहिले. भाचीने मान फिरवली.

मेस्त्रीने डबा धरला.

“बास, दाजी. भरलंय.”

“असू दे रे. त्या दिवशी...”

“त्या दिवशीही भरलेलं होतं.” मेस्त्रीचा आवाज त्यालाच ओळखू येईना. “आदल्या दिवशी मीच तोंडापर्यंत भरलं होतं. पाणी कमी नव्हतं, दाजी. पंखा मी उलटा बसवला होता.”