कमरेच्या वरचा फोटो

“गो विनिता, आपला भावेस वरतून फुगतंय न् खालतून सुकतंय. बग तरी जरा.”

आक्का भाकऱ्या थापता थापता हे बोलल्या होत्या. विनिताने हसून उडवून लावलं. “आक्का, हल्ली सगळ्यांची बॉडी अशीच असते हो!”

आक्का तिच्या सासूबाई, भावेश धाकटा दीर आणि विनिता त्या घरातली बी.एस्सी. झालेली सून. तिच्या दीड वर्षाच्या लेकीने, उन्नतीने, तोंडात काही घातलं, की ती स्वयंपाकघरातून ओळखायची. पण दिराकडे बघताना तिलाही फक्त त्याचे दंडच दिसत.

भावेश अंजूरच्या एका गोदामात सुपरवायझर होता. ड्युटी सुटली की धामणकर नाक्याजवळची जिम, मग घरी कोन गावात. चुलत भाऊ भूपेशची हळद जवळ आली होती. हळद म्हणजे डीजे, आणि भावकीतली सगळी पोरं एका छापाच्या घट्ट टी-शर्टात. म्हणून रोज छाती आणि दंड, दुसरं काही नाहीच. पायांचा व्यायाम कधी करणार, असं विचारलं की तो म्हणायचा, “वयनी, हलदीला पाय कोन बगतंय?” विनिताही मग कमरेपासून वरचेच फोटो काढायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची, ‘आमचा हीरो!’

एका रविवारी सकाळी उन्नती भावेशच्या खोलीतून काहीतरी चघळत आली. विनिताने बोट घालून ते बाहेर काढलं. इंजेक्शनच्या सुईचं टोपण! तिने लेकीचं तोंड, हात, पाय, सगळं तपासलं. कुठे टोचलं नव्हतं. मग तिने भावेशची जिमची बॅग उघडली. आत सिरिंज होती, आणि एक छोटी बाटली. बाटलीवर नाव ना गाव.

“भावेश, हे काय आहे?”

“वयनी, बोंब नको मारू. प्रोटीनसारखंच हाय ते.”

“प्रोटीन सुईने घेतात?”

“जिममधला सागर देतो. सगली पोरं घेतात. हलदीपर्यंतच घेनार मी.”

“डॉक्टरला विचारलंस?”

“सागरची बॉडी बग ना तू! त्याला कलत न्हाय काय?”

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. विनिताने केसरीनाथकाकांना बोलावलं. सासऱ्यांचे हे चुलत भाऊ तरुणपणी वजनं उचलायचे आणि आता शरीरसौष्ठव स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचे. काका आले, बाटली बघितली, ओरडले मात्र नाहीत.

“हाफ पँट घाल. शर्ट काढून अंगनात उभा ऱ्हा.”

“काका, बायका हायेत!”

“मंग हलदीला काय फक्त रेडे येनार हायेत?”

आक्का पदराआड हसल्या. भावेश उभा राहिला. काकांनी त्याला हळूहळू फिरवलं. पाठ वळली आणि विनिताचं हसू मावळलं. पाठभर लालबुंद पुटकुळ्या. खाली पाय काटकुळे. उकिडवा बसायला सांगितलं तर तोल गेला, जमिनीवर हात टेकावा लागला.

“आमी नुसता दंड न्हाय बगत,” काका म्हणाले. “समोरून बगतो, बाजूनं बगतो, पाठून बगतो. डावं-उजवं, वर-खाल सारखं लागतं. तू बारीक कॉलमवर दोन मजले चढवलेस, पोऱ्या. आनि ते पन दुसऱ्याच्या सिमेंटचे! आपल्या अंगाला वाढायला वेल लागतो.”

“उद्यापासून पाय करतो ना, काका. पन सुई हलदीपर्यंत...”

“थांब,” आक्का मध्येच बोलल्या. “तुमचं बोलनं ऱ्हाऊ द्या. हात दे इकरं.” त्यांनी आपलं बीपीचं मशीन आणून त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा जेमतेम पुरला. आकडा बघून त्या ओरडल्या,

“माज्यापेक्षा जास्ती! रोज गोली खानाऱ्या मानसापेक्षा जास्ती!”

भावेशचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, “महिनाभर डोकं दुखतंय, वयनी. कुनाला बोललो न्हाय. हीरो म्हनता ना सगली.”

विनिताला रागवायचं होतं, पण कोणत्या तोंडाने? घट्ट टी-शर्टाची वाहवा तर सगळं घरच करत होतं! “चल, दवाखान्यात जाऊ,” एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषधं दिली आणि ही स्टेरॉइडची सुई आहे असं सांगून ती त्या दिवसापासून बंद करायला लावली. अजून उशीर झाला असता तर हृदयावर ताण आला असता, असंही बजावलं. बाटली कुठून आली, ते विनिताने जिमच्या मालकाला जाऊन स्पष्ट सांगितलं. हळदीत भावेश सैल सदरा घालून बसला. विशाल नावाच्या मित्राने टोमणा मारलाच, “काय रं, हीरोची हवा गेली?” भावेश म्हणाला, “गेली तीच बरी.”

आता काकांच्या देखरेखीखाली तो वजनं न लावलेला रिकामा रॉड घेऊन उठाबशा काढतो. मांड्या दुखतात, जिना उतरताना कण्हतो. बीपी हळूहळू खाली येतंय.

शरीर कमावणं चांगलंच आहे. पण ते सगळं मिळून एक शरीर असतं, आणि त्याची वाढ कुणाच्या हळदीची तारीख बघून होत नाही. घरच्यांनी कौतुक जरूर करावं, पण त्याबरोबर चौकशीही करावी.

वाचकहो, तुमच्याही घरात किंवा शेजारी असा एखादा तरुण असेल. आज त्याला जवळ बसवा. काय घेतोस, कुणी दिलं, झोप लागते का, डोकं दुखतं का, एवढं विचारा. तो हसून टाळेल. तुम्ही पुन्हा विचारा.