अनुक्रमांक एक, अंगणात

उलटा ठेवलेला स्टीलचा पेला, त्याच्या बुडावर एक वाटी.

अंगणात मातीत चार खळगे, प्रत्येक बोराएवढा.

लाल दोऱ्याची अर्धी संपलेली बॉबिन.

जाड पांढऱ्या कागदातून कापलेला कॉलरचा साचा.

‘विमाधारकाने कृपया खालील बदलांची नोंद घ्यावी.’

जड ते पहिले बाहेर.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांना जुळत नाहीत, मला दिसते आहे. जोडणे हेच माझे काम होते. पण मी झरी गावातल्या सुषमाचे जुने शिलाई मशीन आहे आणि माझे डोके आता दोन भागांत आहे. एक भाग पाटावर, एक पोत्यात. तेव्हा गोष्ट सलग यायची नाही. जिथे टाका सुटेल तिथे तुम्ही धरा.

माझा जन्म लुधियानाचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून ओतले, काळा रंग चढवला, वर सोनेरी वेल काढली. बीड मजबूत असते. ते झिजत नाही, वाकत नाही. पण फुटले की सांधत नाही. हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

वापीच्या एका शिंप्याकडे मी वीस वर्षे पँटी शिवल्या. मग त्याने मोटरचे मशीन घेतले आणि माझ्यावर चहाची किटली ठेवायला सुरुवात केली. त्या किटलीचे गोल डाग अजून माझ्या पाटावर आहेत. सुनिल तेव्हा उंबरगावच्या एका कंपनीत जायचा. त्याने मला पाहिले आणि टेम्पोत घालून झरीला आणले. त्याच्या बायकोने, म्हणजे सुषमाने, नुकताच तलासरीत शिवणाचा वर्ग पुरा केला होता.

सुनिलच्या आईने, भिकीने, माझ्याभोवती एक फेरी मारली.

“एवढं लोखंड घरात कशाला? उभं राहून खाणार काय?”

“दोरा खातं, आई,” सुषमा म्हणाली.

“मग बरं. दोरा मी पण चावते.”

पहिला कपडा सुषमाने भिकीचाच शिवला, जांभळा ब्लाउज. त्यानंतर भिकी रोज दुपारी माझ्याशेजारी बसून काज-बटणे करू लागली. पाड्यातल्या बायका यायच्या, लग्नाचे कपडे यायचे, जूनच्या आधी आश्रमशाळेचे शर्ट यायचे. कोणी शिवण वाखाणली की भिकी माझ्या चाकावर थाप मारून म्हणायची, “आमचं मशीन.” मला ते आवडायचे. आवडायचे, हे लिहून ठेवते. पुढे तक्रारच तक्रार आहे.

मग जमीन हलू लागली.

तुम्ही डहाणू-तलासरीकडचे असाल तर तुम्हाला समजावून सांगायला नको. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात ते सुरू झाले. आधी जमिनीच्या पोटातून आवाज येतो, ट्रक आल्यासारखा. मग भांडी वाजतात. कधी आठवड्यात चारदा, कधी सहा महिने काहीच नाही. भिकीने खिडकीत पेला उलटा ठेवला आणि त्यावर वाटी. वाटी पडली की सगळे बाहेर. घर विटांचे होते, योजनेतून मिळालेले. भिकीला त्याचा राग.

“कुडाचं घर हललं तरी हसायचं,” ती म्हणायची. “हे विटांचं रागावतं.”

पाड्यात एक रीतच पडली. धक्के लागोपाठ सुरू झाले की सामान अंगणात काढायचे. जड ते पहिले, कारण पडली भिंत तर जड वस्तू उचलायला वेळ मिळत नाही. आमच्या घरात जड म्हणजे मी. एका बाजूने सुनिल, दुसऱ्या बाजूने भिकी. वय झालेली बाई, पण ती बाजू ती कोणाला देत नसे. मांडवाखाली माझ्या पायांचे चार खळगे पडले. दर वेळी मी बरोबर त्याच खळग्यांत उभे राहायचे. सुषमा तिथेच शिवत बसायची. उन्हाळ्यात तर ते घरापेक्षा बरे वाटायचे.

शेजारच्या घरात भिंत टीव्हीवर पडली, तेव्हा सुषमाने विमा घेतला. तलासरीचा उमेश एजंट आला, खाटेवर बसला, आणि घरातल्या वस्तूंची यादी केली.

अनुक्रमांक एक, शिलाई मशीन, पायाचे. दोन, टीव्ही. तीन, फ्रिज. चार, लोखंडी कपाट.

“आणि उमेशभाई, मशीन कधी कधी बाहेर असतं,” सुषमाने सांगितले.

“ताई, बघा की, लिहिलंय. घरातील व आवारातील. आवार म्हणजे हेच.” त्याने पेनाने अंगण दाखवले.

मित्रांनो, त्या दिवशी त्याने खोटे सांगितले नाही. तसेच लिहिले होते. ते कागद सुषमाने माझ्या खणात ठेवले, खडू, टेप आणि बॉबिनांच्या शेजारी. माझ्या खणात जे राहते ते मला पाठ होते. मला वाचता येते का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. शिंप्याच्या मशीनला इतके येते.

तीन वर्षे गेली. मग एप्रिलमध्ये पाकीट आले.

सुषमा आठवी शिकलेली आहे. तिने हात पुसले, पाकीट फोडले आणि पहिला कागद उघडून वाचायला लागली. मी तिच्यासोबत वाचत होते.

‘१. परिच्छेद ४(ख) हा यापुढे परिच्छेद ५(क) म्हणून वाचावा.’

पाचव्या परिच्छेदात काय आहे, ते त्या कागदात नव्हते. तिने परत वाचले. मग पुढे गेली.

‘२. नुकसानीची सूचना सात दिवसांच्या आत द्यावी.’

हे तिला कळले. तिने मान हलवली.

‘३. संरक्षण भिंती व छप्पर यांनी बंदिस्त जागेतील वस्तूंपुरते राहील. पूर्वीच्या मजकुरातील “व आवारातील” हे शब्द वगळण्यात येत आहेत.’

‘बंदिस्त’वर तिचे बोट थांबले. ‘पूर्वीच्या मजकुरातील’वर पुन्हा थांबले. मला ओरडायचे होते. बाई, हे माझ्याबद्दल आहे, हे आपल्या मांडवाबद्दल आहे, या चार खळग्यांबद्दल आहे. पण मला एकच आवाज काढता येतो, आणि तोही कोणी पाय मारला तर.

मला अजून कळलेले नाही की ज्याने हे लिहिले त्याला ‘तुमचे अंगण यापुढे विम्यात नाही’ असे पाच-सहा शब्द का सुचले नाहीत. आणि सुचले नाहीत ते नाहीत, पण ही ओळ तिसरी का? पहिली का नाही?

तिने उमेशला फोन लावला.

“उमेशभाई, पाकीट आलंय. बदल म्हणून लिहिलंय. काय बदललं?”

“काही नाही ताई, दरवर्षी येतं ते. तुमचं रिन्यू झालंय. निवांत राहा.”

“नक्की?”

“अहो, तसंच आहे सगळं.”

आश्रमशाळेचे चाळीस शर्ट द्यायचे होते. जुना कॉलरचा साचा फाटला होता, तो तिने नवा कापला. पहिला कागद माझ्या खणात गेला. आम्ही दोघी कामाला लागलो.

मे महिन्यात धक्के परत सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मला बाहेर काढले, माझ्या खळग्यांत ठेवले. दुपारी जेवणे झाली. सुषमा अठ्ठाविसावा शर्ट घेऊन बसणार, तेवढ्यात भिकीने पाणी मागितले, म्हणून ती रांजणाकडे गेली.

वाटी पडली.

पश्चिमेची भिंत आत पडायला हवी होती. सगळे तेच समजून होते. ती बाहेर पडली, मांडवावर, माझ्यावर.

कोणाला लागले नाही. हे मी आधी सांगायला हवे होते. सुषमा रांजणापाशी उभी होती, हातात तांब्या तसाच. घरात टीव्हीवर धूळ बसली, फ्रिज चालू होता, कपाटाला ओरखडासुद्धा नाही. पूर्ण यादीत फुटले ते फक्त अनुक्रमांक एक.

सात दिवसांच्या आत, ही ओळ सुषमाला पक्की लक्षात होती. तिने दुसऱ्याच दिवशी कळवले. कंपनीने पाहणीसाठी दीपेश नावाचा सर्वेअर पाठवला. उमेश त्याच्या आधी अर्धा तास आला, आणि आला तोच घाम पुसत.

“ताई, एक ऐका. मशीन आत होतं म्हणा.”

“का?”

“म्हणा फक्त. आवार काढून टाकलंय त्यांनी. मला पण काल कळलं.”

सुषमा त्याच्याकडे बघत राहिली. “तुम्ही तर म्हणालात, तसंच आहे सगळं.”

“म्हणालो. आता काय करू? पाकीट तुम्हाला येतं ताई, मला नाही येत.”

मला वाटले, ती ‘आत होते’ म्हणेल. मला वाटले, म्हणावे. मी खोटे बोलत नाही, पण तेव्हा मनातून वाटले.

दीपेश माणूस वाईट नव्हता. त्याने चप्पल बाहेर काढली, पाणी घेतले, विटा मोजल्यासारखा फिरला. सुषमा वीट बाजूला करत होती, उत्तर लांबवत होती. त्याने सरळ भिकीला विचारले.

“आजी, मशीन कुठं होतं हो?”

भिकी ताठ झाली. हा प्रश्न तिला कोणी विचारावा म्हणून ती जणू वाट पाहत होती.

“बाहेर. या बाजूनं मी धरलं होतं. आमच्यात जड ते पहिलं बाहेर. तुमच्याकडं काय करतात?”

“आमच्याकडं भूकंप नाही आजी.”

“मग तुम्हाला काय कळणार?”

दीपेश हसला. त्याने लिहून घेतले. उमेशने डोळे मिटले. सुषमाने हातातली वीट खाली ठेवली आणि म्हणाली, “आई बरोबर सांगते. बाहेरच होतं.”

पत्र सव्वा महिन्याने आले. त्यात ५(क) होते, आणि त्याखाली ‘दावा नामंजूर’.

तलासरीत कॉलेजला असलेली सुनिलची बहीण वर्षा सुट्टीला घरी आली होती. तिने माझ्या खणातून तो एप्रिलचा कागद काढला, पत्राशेजारी ठेवला, आणि दोन्ही मोठ्याने वाचले. भिकी ऐकत होती.

“म्हणजे मी नसतं उचललं तर दिलं असतं?”

वर्षाने पत्राची घडी घातली.

“आणि आत असतं तर फुटलंच नसतं,” भिकी म्हणाली. मग बराच वेळ बटणे निवडत बसली. शिवायला काही नव्हते तरी.

वर्षाने कागद उलटा करून पाहिला. “वहिनी, इथं लिहिलंय, पान एक, एकूण दोन. दुसरं कुठंय?”

“असेल कुठंतरी.” सुषमा पिशवी भरत होती. उरलेले तेरा शर्ट, टेप, कात्री, साचा. तलासरीत हर्षदाच्या दुकानात मोटरची तीन मशिने आहेत, त्यातल्या एकावर ती आता रोज बसते. सकाळच्या जीपने जाते. कपडा तिचा नसतो, गिऱ्हाईक तिचे नसते. बायका अजून अंगणात येऊन विचारतात, सुषमा कुठं, आणि भिकी माझ्याकडे बोट दाखवते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना तेल घाला, पुसून ठेवा, असे मी सांगणार होते. ते सांगून झाले असे धरा. त्यापेक्षा एक करा. घरात पाकीट आले आणि मोठ्यांचे बोट एखाद्या शब्दावर थांबले, तर तिथून उठून जाऊ नका. मोठ्याने वाचा. सगळी पाने मोजा. आणि ‘तसंच आहे’ असे कोणी फोनवर म्हणाले, तर म्हणा, मग हे बदल कशाचे आहेत ते सांगा. उद्धट वाटले तरी चालेल.

मी आता पडवीत आहे. माझे चाक फिरते. भिकी येता-जाता ते एकदा फिरवते.

एप्रिलमध्ये सुषमाने कॉलरचा जो नवा साचा कापला, तो पाकिटातल्या दुसऱ्या कागदाचा आहे, कारण तो जाड होता. त्याच्या मागच्या बाजूला छापले आहे, ‘आवारातील वस्तूंचे संरक्षण पूर्वीप्रमाणे चालू ठेवायचे असल्यास चौकटीत खूण करून हा कागद परत पाठवावा.’ चौकट रिकामी आहे.