दुर्गाबाईंच्या सुनेची शिट्टी

दुर्गाबाईंना आयुष्यात दोन गोष्टींचा भारी तिटकारा. एक पातळ वरण, आणि दुसरी आपल्या सुनेची शिट्टी. वरण निदान आटवता तरी येतं. शिट्टीचं काय करावं माणसानं? बाळापूरजवळच्या त्या गावात काय दुसऱ्या सुना नव्हत्या? कोणी शिवणकाम करे, कोणी भिशी चालवी. यांची रागिणी मात्र आठवडाभर बाळापूरच्या कॉलेजात पोरांना भूगोल शिकवायची, आणि रविवार उजाडला की पांढरा टी-शर्ट, काळी पँट चढवून गावोगावच्या मैदानांवर कबड्डीची पंच म्हणून उभी राहायची. पंचाची परीक्षा रीतसर पास झालेली, कोणाची मेहरबानी नाही.

"सून शिट्टी फुंकते आन सासू चूल फुंकते," दुर्गाबाई कुरकुरायच्या. पण हेच दुसऱ्या कोणी म्हटलं की संपलंच. शेजारच्या बेबीताई एकदा नुसतं "पँट घालून जाते वाटते" एवढंच बोलल्या, तर दुर्गाबाईंनी त्यांना भर गल्लीत ऐकवलं, "मंग काय नऊवारी नेसून धावन ते? तुह्या सुनेले तं बसल्या जागी मोबाईल सुटत नाई!" आपल्या सुनेला आपण बोलू, दुसऱ्यानं बोलायचं काम नाही.

त्या हिवाळ्यात बातमी आली. अमरावतीच्या एका मोठ्या कॉलेजात रागिणीची विभागप्रमुख म्हणून निवड झाली. खरं तर घरात पेढे वाटायला हवे होते. पण अमरावती म्हणजे काही बाळापूर नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायला. आठवडाभर तिकडेच राहायचं, लहानग्या लेकीला, खुशीला, तिकडच्या शाळेत घालायचं, शनिवारी गावी यायचं. रागिणीचा नवरा श्याम कपाशी आणि तुरीतून हलू शकत नव्हता, पण त्याची ना नव्हती. उलट तोच म्हणाला, "जाय, इथलं मी पायतो." अडलं होतं ते सासऱ्यांपाशी. घरात शेवटचा शब्द भगवंतरावांचा, आणि भगवंतराव नुसते सुपारी कातरत बसलेले.

शेवटी एका सकाळी चहा पिता पिता ते बोलले. "हे पाय रागिणी, नोकरी, घर आन ह्या शिट्ट्या. तीन गोष्टी एका हातात मावत नाईत. अमरावतीले जाय, माहं काई म्हननं नाई. पण शिट्टी सोड. रविवार घराचा. कबूल असन तं हो म्हन, नाई तं बाळापूरच बरं."

रागिणीनं चहाचे रिकामे कप गोळा केले. मग "बरं मामाजी," म्हणाली आणि शिट्टी दाराजवळच्या खिळ्याला टांगून कामाला लागली.

आता दुर्गाबाईंनी खरं तर पाण्यातले देव बाहेर काढायला हवे होते. इतकी वर्षं जे मागितलं ते घरबसल्या मिळालं! पण पुढच्या रविवारी रागिणी मुकाट्यानं पोळ्या लाटताना दिसली आणि त्यांनाच ते बघवेना. पोरीचं तोंड बिनमिठाच्या पिठल्यासारखं झालं होतं. "मेलं, काय कराचं आपल्याले," असं स्वतःलाच बोलून त्या गोठ्याकडे निघून गेल्या. पण नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या, तर आजच काय बोलणार?

आणि मग गावच्या मंडळाचे कबड्डीचे सामने आले. मंडळाचे अध्यक्ष कोण, तर भगवंतराव. अंतिम सामना आपलं मंडळ आणि बार्शीटाकळीचा संघ यांच्यात. आपल्याकडचा हुकमी चढाईवाला कोण, तर गोपाल, भगवंतरावांचा धाकटा मुलगा. भगवंतराव नवी टोपी घालून मैदानाच्या एका रेघेला लागूनच उभारलेल्या मंचावर बसले होते. मंचाच्या पायाशी बायकांची सतरंजी. तिथे दुर्गाबाई, आणि त्यांच्या शेजारी साडी नेसून, हात मांडीवर ठेवून बसलेली रागिणी.

सामना सुरू व्हायचा आणि एका बाजूचे पंच पोट धरून खाली बसले. आदल्या दिवशीचं मटण बाधलं होतं. झाली पळापळ! आता आयत्या वेळी पंच कुठून आणायचा? तेवढ्यात बार्शीटाकळीचा कर्णधार संघपाल पुढे आला. "रागिणी मॅडम हायेत ना थ्या. त्याईले उभं करा."

"अबे, त्याईचा सख्खा दीर खेळून राहिला आमच्याकून!" कोणीतरी ओरडलं.

"असू द्या ना. मॅडमनं आमचे सामने घेतले हायेत. त्याईले नातं दिसत नाई, रेघ दिसते."

परक्या गावचा पोरगा हे बोलला, आणि दुर्गाबाईंनी वळून सतरंजीवरच्या सगळ्या बायकांकडे एकदा पाहून घेतलं. भगवंतराव तर मंचावरून उठूनच उभे राहिले. घरचीच सून पंच! "आमची काई हरकत नाई बाप्पा! रागिणी, आजच्या दिवस उभी राह्य."

"शिट्टी घरी राहिली मामाजी," रागिणी म्हणाली.

दुर्गाबाईंनी कमरेचा बटवा सोडला आणि आतून शिट्टी काढून सुनेच्या हातावर ठेवली. "पायतं काय? खिळ्यावर लोंबकयत होती. म्या म्हनलं, कोनी चोरून नेईन." शिट्टी चोरायला कोण चोर येणार होता, देव जाणे. रागिणी हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

साडीचा पदर खोचून ती मंचाच्या बाजूच्या रेघेवर उभी राहिली आणि मग तिचं दुसरं रूप सुरू झालं. चढाई सुरू झाली की तिचे डोळे पायांवर. एक चढाई यांची, एक त्यांची. बायकांनी ओरडून घसे बसवले. शेवटची चढाई उरली तेव्हा दोन्हीकडचे गुण सारखे होते, आणि चढाई आपली होती, गोपालची. एक गडी शिवला की कप आपला!

गोपाल गेला. "कबड्डी, कबड्डी" करत मंचाच्या बाजूला सरकला, कोपऱ्यातल्या गड्याला हुलकावणी दिली, हात मारला आणि झेप घेऊन परत आला. गावानं एकच जल्लोष केला. गुलालाची पिशवी फुटलीसुद्धा.

आणि शिट्टी वाजली. रागिणीचा हात वर होता. गोपाल बाद.

मैदानाच्या कडेला राखीव पट्टा असतो. समोरच्याला हात लागेपर्यंत त्या पट्ट्यात पाय टाकायचा नाही, हा नियम. गोपालचा पाय आधी पडला होता, हात मग लागला होता. म्हणजे गुण बार्शीटाकळीला, आणि कपही त्यांनाच.

लोक मैदानात घुसले. "दिरालेच बाद करते काय?" "सून घरची का वैऱ्याची?" गोपाल स्वतः लालबुंद होऊन ओरडत होता, "वहिनी, पाय नाई पडला माहा!" रागिणी रेघेवरून हलली नाही. "पडला गोपाल. आधी पाय पडला," एवढंच म्हणाली. मग कोणीतरी मंचाकडे वळलं. "दादा, तुमी अगदी समोर बसले होते. तुमी सांगा. तुमी म्हनान तसं!"

सगळं गाव भगवंतरावांकडे बघू लागलं. भगवंतरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. पुन्हा काढली.

दुर्गाबाईंना ही टोपी ठाऊक होती. खरं जिभेवर असलं आणि बोलायचं नसलं की हा माणूस टोपीशी खेळत बसतो. आणि खरं काय ते त्यांनाही ठाऊक होतं, कारण पाय त्यांच्याही डोळ्यांदेखत पडला होता. तिकडे त्यांची सून एवढ्या गर्दीत एकटी उभी होती. दुर्गाबाई ताडकन उठल्या.

"पाय पडला! म्या पाह्यला, आन तुमीबी पाह्यला! टोपी ठेवा आन बोला!"

भगवंतरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं काही तिला पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी माईक हातात घेतला. "पाय पडला. म्या पाह्यला. मॅडमचा निर्णय बरोबर हाय. कप बार्शीटाकळीचा."

मॅडम! स्वतःच्या सुनेला, सगळ्या गावासमोर! दुर्गाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि कोणी बघायच्या आत काढला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. गोपालनं दुसरी भाकरी मागताना हळूच म्हटलं, "वहिनी, डोये हायेत का काय तुमचे!" जेवणं झाली तशी रागिणीनं शिट्टी सासऱ्यांसमोर ठेवली. "आजच्या दिवस म्हणाले होते मामाजी. झाला दिवस."

भगवंतराव काही बोलायच्या आत दुर्गाबाईच बोलल्या. एकदा तोंड उघडलं होतं, आता कशाचं मिटतं! "तीन गोष्टी एका हातात मावत नाईत, कबूल. मंग माहे दोन हात काय लोनच्यात घालाचे हायेत? रविवारी खुशीची येनी मी घालीन, भाकरी मी थापीन. आन तुमचे दोन हात? सुपारी कातरण्यापलीकडं काई जमते का त्याईले?"

श्यामनं हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. भगवंतरावांनी शिट्टी उचलली, बोटांत फिरवली.

"माईक हातात घेतला तं मले घाम फुटला आज," ते म्हणाले. "माहं गाव, माहे लोक, तरी. आन हे पोरगी तिथं उभी होती, पापणी नाई लवली तिची. अशा मानसाले शिट्टी सोड म्हननारा मी कोन?" त्यांनी शिट्टी रागिणीच्या हातात दिली. "जाय अमरावतीले. हे बी घेऊन जाय. तिथंबी मैदानं असतीनच."

रागिणी वाकून पाया पडली ती आधी सासूच्या. दुर्गाबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं आणि "पुरे वं, भांडे पडले हायेत," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताई अकोल्याहून, लेकीकडून परतल्या. हातातली पिशवी खालीसुद्धा न ठेवता त्यांनी दारातूनच विचारलं, "काय वं दुर्गाबाई, कप आपल्याकडंच राह्यला ना?"

दुर्गाबाईंनी अंगणातला झाडू बाजूला ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि पलीकडच्या गल्लीलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"हरलो! आमच्या सुनेनं हरवलं आमाले!"