कर्नल विटकॉमचं उरलेलं भाषण

निवृत्त झाल्यावर धर्मराज गजभिये घरात असे काही रमले की गिरजाबाईंनाच घर सोडून जावंसं वाटू लागलं. सगळी नोकरी अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात गाड्यांचे ब्रेक बनवण्यात गेलेला हा माणूस आता डिशवॉशरमध्ये ताटल्या कशा लावाव्यात, वांगी किती आचेवर परतावीत, हे बायकोला समजावून सांगू लागला. शेवटी गिरजाबाईंनी लायब्ररीतून गावच्या इतिहास मंडळाचं पत्रक आणलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "अहो, आता जरा यांना शिकवा," त्या म्हणाल्या.

मंडळात पाऊल टाकताच अध्यक्षबाई कॅरोल यांचा चेहरा उजळला. कारण धर्मराजांच्या मिशा. दर ऑक्टोबरला मंडळ जुन्या दफनभूमीत एक कार्यक्रम करी. गावच्या दिवंगत नामवंतांचे वेष घेऊन सभासद त्यांच्या कबरीपाशी उभे राहत आणि त्यांची कहाणी सांगत. त्यात सगळ्यांत मोठं नाव कर्नल एझ्रा विटकॉम यांचं. ते यादवी युद्धात घोडदळाचे अधिकारी होते आणि पुढे वॉशिंग्टनला संसदेत निवडून गेले. तैलचित्रात त्यांच्या मिशा कानाला भिडलेल्या, आणि मंडळातले झाडून सगळे पुरुष गुळगुळीत. माझ्या रंगाचं काय करायचं, असं धर्मराजांनी विचारलं, तेव्हा कॅरोल म्हणाल्या की रंगाचं राहू द्या, मिशा खऱ्या आहेत ना?

धर्मराज कर्नलसाहेबांचा इतिहास वाचायला बसले आणि त्यांना हसू आवरेना. बुटांच्या दुकानातला हा पोरगा भावनेच्या भरात घोडदळात गेला, तेव्हा त्याला घोड्यावर बसताही येत नव्हतं. कवायतीत तो इतक्यांदा जमिनीवर आला की सोबती त्याला जमीनदार म्हणू लागले. पहिल्याच चकमकीत शत्रूच्या हाती सापडला, कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून परत आला. मग व्हर्जिनियात एका पुलापाशी तोफेच्या आवाजाने त्याचा घोडा बिथरला आणि थेट शत्रूच्या अंगावर उधळला. त्याच्या हाताखालच्या तुकडीला वाटलं, साहेबांनी हल्ला चढवला. सगळे मागोमाग सुटले, पूल हाती आला, विटकॉम मेजर झाला आणि युद्ध संपता संपता कर्नल. निवडणुकीच्या सभांत तो हे स्वतःच सांगे. निर्णय घोड्याचा होता, बढती मला मिळाली, म्हणे. लोक पोट धरून हसत आणि मत देत.

धर्मराज अडखळले ते पुढच्या भागापाशी. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना मताचा हक्क द्यायचा प्रश्न संसदेत आला, तेव्हा विटकॉम त्यांच्या बाजूने बोलायला उभा राहिला. पुलाच्या लढाईत तो जखमी झाला होता, आणि जोसाया नावाच्या काळ्या गाडीवानाने त्याला खांद्यावर घेऊन ओढा पार केला होता. ज्याच्या खांद्यावरून मी जिवंत परत आलो, त्याच्या हाताला मत नाकारणारा मी कोण, असं त्याने भर सभागृहात विचारलं. गाव रुसलं. पुढच्या निवडणुकीत तो पडला.

नागपूरच्या वस्तीत, चौदा एप्रिलच्या सभांमध्ये भाषणं करत धर्मराज मोठे झाले होते. त्यांनी गिरजाबाईंना हाक मारून ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. त्या कणकेचे हात तसेच धरून ऐकत राहिल्या.

"हा तर आपल्यातलाच निघाला," त्या म्हणाल्या.

कॅरोलना मात्र तो भाग नको होता. लोक मुलाबाळांना घेऊन येतात, त्यांना घोडा आणि तलवार हवी असते, राजकारण काढलं की भांडणं होतात, पुलापाशी थांबा, असं त्यांनी सांगितलं. धर्मराजांनी दोनदा वाद घातला आणि सोडून दिला. मंडळात ते नवे होते. तरीही गॅरेजमध्ये येरझारा घालत त्यांनी भाषण शेवटपर्यंत पाठ केलं.

कार्यक्रमासाठी जवळच्या तबेल्यातून पेनी नावाची म्हातारी घोडी आणली होती. ही नुसती उभी राहते, चालत नाही, अशी मालकिणीने खात्री दिली. निळा कोट आणि पत्र्याची तलवार सांभाळत धर्मराज शिडीवरून तिच्या पाठीवर चढले. जमीनदाराच्या गोष्टीला लोक भरपूर हसले. पूल आला. ठरल्याप्रमाणे त्यांनी तलवार उंच करून "फॉरवर्ड!" अशी आरोळी ठोकली.

पेनी निघाली. आधी रमतगमत, मग दुडक्या चालीने, कबरींच्या मधून सरळ फाटकाकडे. तिथे सफरचंदाच्या रसातले गोड सायडर डोनट तळले जात होते. धर्मराज तिच्या मानेला बिलगले, टोपी मागे पडली. सगळा जन्म ब्रेक बनवले आणि आज एकही हाताशी नव्हता. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. पोरं, आजीआजोबा, सगळे फोन उंचावून मागे धावले.

पेनीने डोनटच्या ट्रेमध्ये तोंड घातलं आणि ती तिथेच रुतली. मालकिणीने ओढलं, कॅरोलनी ढकललं, ती हलेना. शिडी कबरीपाशीच राहिलेली. धर्मराज वर अडकलेले आणि भोवती सगळा गाव माना वर करून बघत होता.

"निर्णय घोडीचा होता," ते इंग्रजीत म्हणाले. हशा ओसरेपर्यंत ते थांबले. "पण यानंतरचे निर्णय कर्नलने स्वतः घेतले. तेही सांगू का?"

गर्दीतून होकार आला. कॅरोलनी दोन्ही हात पसरले, म्हणजे आता काय ते सांगा. धर्मराजांनी जोसाया सांगितला, ओढा सांगितला, सभागृहातलं भाषण आणि निवडणुकीतली हार सांगितली. आवाज चढवला नाही. मुलं डोनट खायची थांबली. भांडायला कुणीच पुढे आलं नाही. रूथ नावाच्या एका वृद्ध काळ्या बाईंनी तेवढं विचारलं की त्या जोसायाचं पुढे काय झालं.

"ते मला ठाऊक नाही," धर्मराज म्हणाले. "कुणी शोधलेलंच नाही."

"मग आपण शोधू," रूथबाई म्हणाल्या. पुढच्या वर्षी पूर्ण भाषण ठेवायचं, हे कॅरोलनी तिथेच जाहीर करून टाकलं. कुणीतरी धावत जाऊन शिडी आणली.

परतताना गाडी गिरजाबाईंनी चालवली. धर्मराज मागच्या सीटवर आडवे होते, कारण बसणं शक्य नव्हतं.

"रूथबाई मंगळवारी लायब्ररीत येणार आहेत," ते मागून म्हणाले. "दोन डबे दे बरं का. आणि त्यांच्या डब्यात तिखट जरा बेतानं घाल."