बसमधली वहिनी

माझ्या नवऱ्याला इथं परमुलखात आलेली आपली माणसं 'वहिनी' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि वर फिदीफिदी हसतात. बेट्यांना दुसरं काही सुचतच नाही.

झालं असं. तिकडे आमच्या गावापर्यंत लढाई येऊन पोचली तेव्हा हुकूम निघाला. बायका, मुलं, म्हातारी माणसं यांनी बसमधून निघून जायचं. पुरुषांनी मागे राहून बंदुका धरायच्या. ह्याचं केस कापायचं दुकान. उभ्या जन्मात वस्तरा-कात्रीशिवाय धारेचं काही हातात धरलेलं नाही, आणि त्या वस्तऱ्यानंही कधी कुणाला ओरखडा काढला नाही. त्या सकाळी त्यानं स्वतःची दाढी अशी केली की गालावर माशी बसली तर घसरावी. मग माझा लांब झगा अंगात घातला, डोक्यावरून माझी शाल ओढली आणि बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. नाक्यावर शिपाई आत डोकावून गेला. बस सुटली.

शिपायाला कळलं नाही, पण पुढच्या सीटवरच्या बाईला कळलं. तिचं पोर मागे तोंड करून उभं होतं, केसांच्या झिपऱ्या डोळ्यांवर. ह्याला राहवेल तर शपथ! शालीतून हात बाहेर काढला, पोराचं डोकं धरलं, बोटांनी केस फाकवून भोवरा शोधला आणि छान भांग पाडून दिला. अशी बोटं फिरवणारा अख्ख्या गावात एकच. त्या बाईनं ह्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मूग गिळून गप्प बसली. हद्द ओलांडून उतरल्यावर मात्र तिनं जे तोंड सोडलं ते अजून मिटलेलं नाही.

तेव्हापासून आपल्यातला एकही पुरुष ह्याच्या कात्रीखाली मान द्यायला तयार नाही. म्हणून हा माझ्याबरोबर लॉन्ड्रीत लागला. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी येतात. वाळल्या की दोघांनी समोरासमोर उभं राहून कोपरे धरायचे, झटकायचं आणि घडी घालायची. सगळ्या बायका, त्यात हा एकटा बाप्या. पण हात काय आहे! घडीची कड कशी रेषेत. आमची मुकादमीण सगळ्यांना सांगते, "ह्याच्याकडे बघून शिका जरा." बायका त्याला कधी काही बोलत नाहीत. बोलतात ते बाप्ये, लढाईच्या आधीच पोटापाण्याला इकडे आलेले, कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसून. त्यांच्याही बायका आमच्याबरोबर चादरीच झटकतात, ते विचारायचं नाही.

आणि अशात तिकडच्या शाळेतले कवायतीचे मास्तर आले. माणसं कमी पडताहेत म्हणे. सुट्टीच्या दिवशी दुपारी आपल्या लोकांच्या मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्या पुरुषांना बोलावलं. जो हात वर करील तो मास्तरांबरोबर परत जाणार, लढायला.

ह्यानं धुतलेला शर्ट घातला.

"कुठं निघालास?" मी विचारलं.

"सगळे जातात तिथं."

"हात वर करायला?"

"किती ऐकायचं माणसानं? एकदाचं संपू दे."

"बोलणाऱ्याचं तोंड धरता येतं का? शिर सलामत तर पगडी पचास!"

"पगडीच तर उरली नाही," असं म्हणून तो चपला घालून निघाला.

मला धडधडीत दिसलं. हा माणूस फक्त एक शब्द बंद पडावा म्हणून मरायला निघाला होता. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, बघत काय बसलीस? जा की मागं!" मी तशीच धावले.

हॉलमध्ये बाक मांडलेले होते आणि नुसते पुरुष. मी दाराशी उभी राहिले. मास्तर ह्याला बघून म्हणाले, "या या, वहिनी! बांगड्या काढून आलात ना?" हशा पिकला. ह्याची मान खाली. आणि खाली मान घालूनच त्यानं हात उचलायला घेतला.

"अहो मास्तर!" मी ओरडले. "बांगड्या काय काढता? ह्याच्या आईला चालता येत नव्हतं. मला एकटीला त्या उचलवल्या असत्या का? आईला बसपर्यंत पाठीवर न्यायचं म्हणून घातले ह्यानं माझे कपडे. लाज आईच्या माथी नको म्हणून इतके दिवस गप्प राहिला, कळलं?"

साफ खोटं. सासूबाई त्या दिवशी माझ्याआधी बसमध्ये चढून खिडकी धरून बसल्या होत्या.

पण मास्तरांचा चेहराच बदलला. ते उठले, स्वतःची खुर्ची ह्याच्याकडे सरकवली आणि खांद्यावर हात ठेवला. "आईसाठी होय! अरे, मग आधी नाही का सांगायचं? याला म्हणतात मर्द. तू राहा बाबा इथंच. घरात अपंग आई आहे, तुला कोण काय बोलणार?"

जिंकले, मी मनात म्हटलं. नवरा वाचला आणि त्याचं नाकही वाचलं.

हा मात्र खुर्चीत बसेना. बाकांवरच्या त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघत राहिला.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. "आई नसती तरी मी आलोच असतो. मला भीती वाटत होती. कपडे मीच मागितले हिच्याकडे. भीती आजही वाटते. मी येणार नाही."

मला इतका राग आला! एवढं हातात आणून दिलेलं, ते ह्यानं फेकून दिलं. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "बायकोसमोर असं बोलायला लाज नाही वाटत?"

"तिलाच विचारू," हा म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "चालतो का गं तुला असा नवरा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता काय सांगू! घरात विचारलं असतं तर फटकन हो म्हटलं असतं. चारचौघांत जीभ उचलेना. ती मानाची खुर्ची ह्याच्यापेक्षा मलाच हवी होती, हे मला तिथं दाराशी उभी असताना कळलं.

"चालतो," मी पुटपुटले.

"काय म्हणाल्या?" मागून कुणीतरी विचारलं.

मी बाकांमधून पुढे गेले आणि ह्याच्या शेजारी उभी राहिले.

"चालतो म्हटलं! घाबरट चालतो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मेलेला नको."