गाडी खळ्यात घे

बाबांना मी आधीच सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. भित्री कुठली! त्यामुळे शनिवारी दुपारी अंधेरीच्या मॉलमधल्या थिएटरात मी आई-बाबांच्या मध्ये बसले होते ती चोरासारखी. पडद्यावर अजून जाहिराती चालू होत्या.

"श्वेता, स्टॉक कार म्हणजे नक्की काय गं?" बाबांनी विचारलं. "स्टॉक म्हणजे दुकानात पडून असलेला माल ना?"

"म्हणजे उरलेल्या गाड्यांची शर्यत?" आई मधेच तडकली. "आणि त्येच्यासाठी आमका वाकोल्यातसून हाडलंस?"

"आई, गप गं. दिसायला दुकानातल्यासारखी साधी गाडी, आतून पार बदललेली. अमेरिकेत त्यांच्या शर्यती लावतात. गोल रिंगणात फिरायचं आणि फक्त डावीकडे वळायचं. विनोदी पिक्चर आहे."

"विनोदी असेल तर उत्तम," बाबा म्हणाले.

उत्तम! आमच्या घरात हे असंच चालतं. आई मालवणीत भांडते आणि बाबा पुस्तकातल्यासारख्या मराठीत उत्तर देतात. दोघंही देवगडकडचे, एकाच वाडीतले. पण बाबांच्या तोंडून मालवणी शब्द मी शेवटचा ऐकला तो सातवीत असताना.

गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा इथेच अंधेरीला एका कंपनीत शिपाई म्हणून लागले होते. एकदा डबा विसरले म्हणून आईने मला पाठवलं. काचेच्या केबिनमध्ये साहेब, साहेबाचे चार पाहुणे आणि मधोमध चहाचा ट्रे घेतलेले माझे बाबा. "जयवंत, यांना ते तुमचं मालवणी काहीतरी ऐकव ना," साहेब म्हणाला. बाबांनी ऐकवलं. काय ते नीट आठवत नाही, गावच्या म्हशीबद्दल होतं बहुतेक, साधंच. पाहुणे हसून हसून लाल झाले. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी दारात मला पाहिलं. त्या दिवसापासून घरात बाबांची मालवणी बंद झाली.

आणि मी काय केलं? मी परदेशी पिक्चरचे मराठी संवाद लिहिते, डबिंगसाठी. या पिक्चरचा हिरो वेस्ली, अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यातला, गुरं राखणारा. शहरातले लोक त्याच्या बोलण्याला हसतात. स्टुडिओवाला यज्ञेश म्हणाला, "कोल्हापुरी कर ना यार, सगळे तेच करतात." मी म्हटलं, बघते. घरी येऊन लिहायला बसले तर वेस्ली आपला मालवणीच बोलायला लागला. हात थांबेना माझा. आईची मालवणी कानात होतीच. बाबांना विचारायची मात्र छाती झाली नाही, आणि आता तेच बाबा माझ्या शेजारी बसले होते.

अंधार झाला आणि एकदम चाळीस गाड्या सुटल्या.

देवाशपथ सांगते, स्टुडिओतल्या चिमुकल्या स्क्रीनवर मी तो सीन साठ वेळा पाहिलाय, पण हे काहीतरी भलतंच होतं. खुर्ची थरथरली, पायाखालची फरशी थरथरली, छातीत कुणी ढोल बडवावा तसं झालं. मागच्या रांगेतून कुणीतरी "आई शप्पथ!" म्हणालं. पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलींनी मोबाइल खाली ठेवले. आईने माझं मनगट घट्ट धरलं. बाबा खुर्चीच्या टोकाला सरकले होते आणि त्यांचं तोंड चक्क उघडं राहिलं होतं. बाहत्तर वर्षांच्या माझ्या बापाला असं हरखलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग वेस्लीची खटारा गाडी मैदानात शिरली. दुसऱ्या गाडीचा कोटातला मालक नाक मुरडत विचारतो, "काय रे, गाडी शिकवली कुणी तुला?"

वेस्ली म्हणाला, "शिकवूक कोण व्हयो? जेका गुरां हाकूक येतत, तेका गाडी हाकूक येता!"

मग मागून ओरडा आला, "आयला, गोरा मालवणी बोलतोय रे!" आणि थिएटर जे फुटलं ते फुटलंच.

"हे तू लिहिलंस?" बाबांनी हळूच विचारलं.

"हो."

ते पुन्हा खुर्चीत मागे टेकले. बस्स, एवढंच. पॉपकॉर्नकडे गेलेला त्यांचा हात मांडीवर परत आला, तो मग हललाच नाही.

पिक्चर मात्र सुसाट चालला होता. शर्यतीच्या मधे गाडी कडेला घ्यायची, चार माणसं धावत येणार, चाकं बदलणार, पेट्रोल भरणार, ड्रायव्हरला पाणी पाजणार, आणि हे सगळं दहा-बारा सेकंदांत. त्या जागेला ते पिट म्हणतात. मला आठवलं ते आमचं गावचं खळं, घरापुढलं सारवलेलं अंगण, दमून आलेल्या माणसापुढे गूळपाणी येतं ते. म्हणून वेस्लीची माणसं ओरडत होती, "गाडी खळ्यात घे! मेल्या, खळ्यात घे!" दुसऱ्या वेळेला मागची पोरंही ओरडली. तिसऱ्या वेळेला अख्खं थिएटर ओरडलं. आईसुद्धा! एरवी मला सॉलिड आनंद झाला असता. पण माझा सगळा जीव उजव्या खुर्चीत अडकला होता, आणि त्या खुर्चीतून हूं की चूं नव्हतं.

मध्यंतरानंतर मी ज्याची धास्ती घेतली होती तो सीन आला. पत्रकार जमलेत, एक श्रीमंत ड्रायव्हर वेस्लीच्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, जरा बोलून दाखव ना रे तुमच्या गावचं. वेस्ली बोलतो. पडद्यावरचे हसतात आणि थिएटरातलेही हसतात.

बाबा उठले.

"मी बाहेर बसतो, श्वेता. मला इथे बसवत नाही."

तो सीन मी लिहिला नव्हता, पिक्चरमध्ये होताच. पण त्या माणसाच्या तोंडी बाबांची भाषा घातली कुणी? मीच ना? पुन्हा एकदा माझ्याच देखत लोक त्यांना हसत होते, आणि या वेळी केबिनमध्ये मीच त्यांना उभं केलं होतं. मी त्यांच्या शर्टाची बाही पकडली.

"दहा मिनिटं, बाबा. पाया पडते. दहाच मिनिटं बसा, मग आपण तिघं उठून जाऊ."

"अहो, बसा मरे," आई म्हणाली. "लोकांका दिसणा नाय."

ते बसले. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

शेवटची फेरी लागली. पुढच्या पाच गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि रस्ताभर धूर पसरला. या शर्यतीत ड्रायव्हरला आजूबाजूचं धड काही दिसत नाही, म्हणून उंच गच्चीवर त्याचा एक माणूस उभा असतो आणि वायरलेसवरून त्याच्या कानात बोलतो. ऐन वेळी वेस्लीचा तो माणूस पळालेला असतो. गच्चीवर चढतो त्याचा म्हातारा बाप, जो आजवर एकाही शर्यतीला फिरकलेला नाही. इंजिनचे सगळे आवाज बंद होतात. धुरात वेस्लीचे फक्त डोळे दिसतात.

"बाबानू, माका कायच दिसणा नाय."

"माका दिसता," म्हातारा म्हणाला. "तू स्टेरिंग सोडू नको. वायच थांब... थांब... आता वळ."

कुणी हसलं नाही. अडीचशे माणसं, हाऊसफुल्ल शो, आणि वेफर्सचं पाकीटसुद्धा वाजेना. ज्यांनी मघाशी त्याच बोलीवर टाळ्या पिटल्या होत्या ते सगळे श्वास धरून बसले होते, म्हातारा पुढे काय सांगतो ते ऐकायला. समोरच्या मुलीने तोंडावर हात धरला होता. माझीच वाक्यं, आणि मीच देवळात बसल्यासारखी हात जोडून ऐकत होते!

"वळ रे माझ्या झिला!"

गाडी धुरातून बाहेर आली आणि मागची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. पलीकडचा एक गृहस्थ सरळ चष्मा काढून डोळे पुसत होता. बाबांकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

लॉबीत आलो. बाबा पुढे, मी मागे, आई आमच्या मधे. आजूबाजूला जो तो "खळ्यात घे, खळ्यात घे" करत जिने उतरत होता. शेवटी मलाच राहवेना.

"बाबा, चुकलं माझं."

"चुकलंच," बाबा म्हणाले आणि थांबले. मी मान खाली घातली.

"बापूस झिलाक 'थांब' म्हणाचो नाय," ते म्हणाले. "बापूस म्हणतलो 'रव'. वायच रव... रव... आता वळ. थांब काय थांब? बसस्टॉप आसा तो?"

आई जागच्या जागी उभी राहिली. मी मान वर केली. बाबांचा आवाज खणखणीत होता, पार तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेला असेल. पुढच्या रांगेतल्या त्या कॉलेजच्या मुली वळून बघायला लागल्या. बाबांनीही त्यांना बघताना पाहिलं. आता गप्प होतील, असं मला वाटलं. ते गप्प झाले नाहीत.

"'रव' म्हणजे काय, काका?" एकीने विचारलं.

"रव म्हणजे जाव नको. मी आसंय," बाबा म्हणाले.

मला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू फुटलं. बाबा माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "रडतंस कित्याक गो? कागद काढ. आजून बरेच शब्द चुकलेत तुझे."