पाच शाळांचा एकच सूक्ष्मदर्शक

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. दचकू नका. शाळेच्या तपासणीत तुम्ही मला टेबलावर पाहिलं असेल; माझ्यातून मात्र फार कुणी पाहिलेलं नाही.

सांगलीच्या एका दुकानातून मानसिंगरावांनी मला जुन्याच्या भावात उचललं. त्यांच्या संस्थेच्या पाच शाळा. एकीलाही सरकारी अनुदान नाही, म्हणजे मास्तरांना पगार नाही. अनुदानासाठी तपासणी, आणि तपासणीला प्रयोगशाळा हवी. पाच शाळांना पाच सूक्ष्मदर्शक घेतील तर ते अध्यक्ष कसले! जिथे तपासणी, तिथे मी आदल्या दिवशी जीपमधून हजर. गोणपाटात गुंडाळलेला, लोकांच्या पायाशी. शिराळ्याच्या वाटेवर अशाच एका आदळआपटीत माझं खालचं भिंग गळून पडलं. कुणाला कळलं नाही. कळायला आत डोकवावं लागतं.

शहाण्णवच्या जुलैत मला जतच्या माळावरच्या शाळेत उतरवलं. तिथे विज्ञान शिकवणारे धम्मपाल सर सात वर्षं बिनपगारी होते. मे महिन्यात सांगलीच्या बाजारात हळदीची पोती भरून आलेले. नखं अजून पिवळी. त्यांनी मला पुसलं, डोळा लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अध्यक्षसाहेब, यात भिंगच नाही!"

"मास्तर, साहेब वस्तू मोजत्यात, आत कोण बघतंय? सात वर्सं कळ काढली, आता भिंगापायी माती खाताय व्हय?"

सरांनी मला तसंच टेबलावर मांडलं. घरी शिवणयंत्रावर संसार ओढणारी बायको होती.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले, मटणाचं जेवण झाल्यावर दात कोरत वर्गात शिरले. माझ्यावर वाकले. "वा! कांद्याच्या पेशी अगदी स्पष्ट!" मग पुढच्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, "ये, तूही बघ."

ती सोनिया. मेंढरं राखणाऱ्या आकारामची लेक, रोज वस्तीवरून चालत येणारी. तिनं बराच वेळ डोळा लावला.

"सर, नुसतं पांढरं हाय. आत कायबी न्हाई."

साहेबांचं पेन थांबलं. मानसिंगराव खाकरले.

"नीट बघ," सर म्हणाले. "दिसतंय."

"न्हाई वो सर."

"दिसतंय म्हणतो ना!"

सर कधी ओरडत नसत. पोरगी दचकली, पुन्हा वाकली. "व्हय सर," ती हळूच म्हणाली. "दिसतंय."

साहेबांनी सही ठोकली.

संध्याकाळी जीप येईपर्यंत मी टेबलावरच होतो. सर वह्या तपासत होते. सोनियाच्या वहीत पेन्सिलीनं रेखलेला सुबक गोल होता. आत काही नाही. खाली लिहिलं होतं, 'कांद्याच्या पेशी.' सर त्या गोलाकडे बघत राहिले. मग पिवळ्या नखांच्या बोटांत लाल पेन धरून त्यांनी त्यावर 'बरोबर'ची खूण केली आणि वही मिटली.

अनुदान आलं. सरांचा पगार सुरू झाला. तो त्यांच्या हक्काचाच होता. पाचही शाळांच्या साठावहीत आज माझी नोंद आहे. मी मात्र मानसिंगरावांच्या बैठकीत, काचेच्या कपाटात, ढालींच्या शेजारी.

मास्तरांना उपाशी ठेवून त्यांच्याकडून खोटं वदवून घेणाऱ्यांनो, मला आता भिंग बसवू नका. फक्त एकदा या, वाका, डोळा लावा. आणि जे दिसेल तेच कागदावर उतरवा.

माळावरच्या एका पोरीला ते जमलं होतं.